थांबाबाई आणि कानाखालची गाठ

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना सगळे पाठीमागे ‘थांबाबाई’ म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली गाठींचे तुकडे बघायचे आणि त्यांची जात ठरवायची, हे आमचं काम. कुणी घाईनं नाव सुचवलं की बाई म्हणणार, "थांबा." लहान असो, मोठा असो, सगळ्यांना अहो-जाहो. बाजारात टोमॅटोसुद्धा चारी बाजूंनी बघून घेतात. त्यांचे यजमान सांगतात, "मला हो म्हणायला हिनं तीन वर्षं लावली. फायनल रिपोर्ट अजून आलेला नाही!"

मी त्यांच्या हाताखाली नवा, म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. लाळेच्या ग्रंथींना होणाऱ्या गाठींचे तीसहून जास्त प्रकार आहेत. त्यातला एखादा दुर्मिळ आपल्या वाट्याला यावा आणि परिषदेत मिरवावा, एवढीच माझी इच्छा.

एके सकाळी ऑपरेशन थिएटरमधून तुकडा आला. रुग्ण बसस्थानकावर घोषणा करणारी बाई. तिचा आवाज मी रोज ऐकायचो. गाठ कानाखाली, आणि ओठ हलवणारी नस तिला चिकटलेली. गाठ नसेत घुसली असेल तर नस कापायची, म्हणजे तोंड कायमचं वाकडं. सर्जन टेबलापाशी आमच्या निरोपाची वाट बघत होते.

तुकडा गोठवून कापला, रंगवला, बघतो तर चाळणीसारखी भोकं! नसांच्या कडेनं पसरणारी ती दुर्मिळ, दुष्ट गाठ अशीच दिसते.

"सापडली!" मी उडीच मारली.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मधलं काय बघताय? नसेच्या बाजूची कड दाखवा."

तेवढ्यात फोन. सर्जन ओरडले, "कापू की नको?"

"थांबा," बाईंनी त्यांनाही सुनावलं. पलीकडचा आरडाओरडा मला दोन हातांवरूनही ऐकू येत होता.

मी कडेचा काप घेतला. बाईंनी तो इंच इंच बघितला. गाठीभोवती पातळ, अखंड आवरण होतं आणि त्याबाहेर एकही पेशी नव्हती.

"अशी भोकं साध्या गाठीतही असतात. ही आपल्या घरातच आहे, शेजारी घुसलेली नाही." मग फोनवर म्हणाल्या, "नस सोडवून घ्या, कापू नका. गाठीचं नाव आठवड्यानं सांगते."

माझा चेहरा पडला होता. बाईंनी तो बघितला.

"हिरमुसलात? अहो, ती गाठ त्यांच्या कानाखाली होती, तुमच्या परिषदेत नव्हे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका बाईचं तोंड वाकडं होणार, आणि मी उड्या मारत होतो.

आठवड्यानं गाठ साधीच निघाली.

दीड महिन्यानंतर संध्याकाळी मी बसस्थानकावर धावतपळत पोचलो. कर्णा खरखरला. "फलाट पाचवरची बस पाच मिनिटांत सुटेल." तोच आवाज! प, फ, ब, म, ओठ मिटून म्हणायचं प्रत्येक अक्षर स्वच्छ. माझे डोळे भरून आले. ती बस माझीच होती. पुढची घोषणा ऐकायला मी थांबलो, आणि बस गेली.