सांडपाण्याची गाळणी

झाशीच्या रेल्वे कॉलनीतली गटारं माझ्याकडे होती. पावसाचं पाणी आणि संडासांचं सांडपाणी एकाच गटारातून जाई. जोराची सर आली की गटार भरून वाहू लागे आणि ती घाण खालच्या क्वार्टरांत थेट चुलीपर्यंत शिरे. मोठा पाइप मिळावा म्हणून मी चार पावसाळे अर्ज करत होतो.

मग भुसावळहून एक जण बदलून आला, माझ्या हाताखाली, वयानं दहा वर्षांनी लहान. त्यानं महिनाभरात साहेबांना पटवलं, की पाइप नकोच. गटार जिथे फुटतं तिथे हौद बांधू, त्यात गाळ बसेल. वरचं पाणी शेजारच्या खड्ड्यात वाळू, जळका कोळसा आणि खडी यांच्या थरांतून गाळून नाल्यात सोडू. कोळसा लोको शेडमध्ये पडलेलाच होता. वाळू बेतवाकाठच्या एरचहून आली आणि ती चाळून घ्यायचं काम साहेबांनी मला दिलं. आमच्या पिढ्या झाशीतल्याच खंडेराव गेट मोहल्ल्यात गेल्या आणि ज्याला इथली बुंदेली बोलीही धड कळत नव्हती त्याच्यासाठी मी वाळू चाळत उभा होतो.

पहिल्या मोठ्या पावसात खालच्या क्वार्टरांत थेंब शिरला नाही. नाल्यात पडणारं पाणी पिण्याजोगं नव्हतं, पण त्याचा वास गेला होता. लोक बघायला आले. घरी बायको म्हणाली, भाऊजींना जेवायला बोलवा. मी म्हणालो, त्याला सवड नाही. मी त्याला विचारलंच नव्हतं.

श्रावणात त्याची आई आजारी पडली म्हणून तो रजेवर गेला. जाताना मला बजावून गेला, की पाणी खाली उतरेनासं झालं तर वरची बोटभर वाळू खरवडून काढा.

चार दिवसांनी पाणी खड्ड्यात तुंबलं. मला काय करायचं ते ठाऊक होतं. दोन माणसांचं तासाभराचं काम. मी ते केलं नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि घाण पुन्हा घरांत शिरली. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "साहब, तरकीब ही कच्ची थी।"

तो परतला तो स्टेशनवरून तडक खड्ड्यात उतरला आणि एकटाच वाळू खरवडू लागला. मी काठावर उभा होतो. मान वर न करता त्यानं विचारलं,

"दादा, वरची वाळू काढायचं मी सांगायला विसरलो का?"

आईच्या काळजीत विसरलो असेन, असं त्याला खरंच वाटत होतं.

"हो," मी म्हणालो.

साहेबांसमोर त्यानं चूक स्वतःवर घेतली. वर्षभरात त्याची बदली झाली. खड्डा माझ्याकडे आला आणि निवृत्त होईपर्यंत दर पावसाळ्यात मी त्याची वाळू वेळेवर काढली. नवे लोक ती गाळणी माझीच समजत. एकदाही मी त्यांना खरं सांगितलं नाही.