चोवीस ग्रेस मार्क

माणसाला कुठला नाद कधी लागेल, काही सांगता येत नाही. मला गोल्फचा लागला तो आमच्या मॅनेजरची बदली झाली म्हणून. तुर्भ्याला आमचा केमिकलचा कारखाना, मी तिथे शिफ्ट इंजिनिअर. कंपनीच्या नावावर खाडीपलीकडच्या एका क्लबाची मेंबरशिप होती आणि ती मॅनेजर वापरायचा. तो गेला. त्याच्या जागी आलेला गृहस्थ म्हणाला, माझी पाठ धरते, उन्हात चेंडूमागे चालणं आपल्याला जमायचं नाही. मग दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. फुकटची वस्तू कुणालाच नको, असं मी आयुष्यात तेवढं एकदाच बघितलं. शेवटी ती माझ्या गळ्यात पडली, आणि सोबत जुन्या मॅनेजरने मागे टाकलेली काठ्यांची पिशवी.

यातली गंमत अशी की त्याच क्लबात माझे वडील तेहतीस वर्षं माळी होते.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. साताऱ्याकडचा माणूस. क्लबाच्या मागे माळ्यांच्या खोल्या होत्या, तिथेच मी लहानाचा मोठा झालो, तिथूनच डिप्लोमा केला. पुढे नोकरी लागली, ऐंशी सालानंतर बेलापूरला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला आणि रिटायर झालेल्या आबांना मी घरी घेऊन आलो. मेंबरशिपची बातमी सांगितली तेव्हा ते भाकरी खात होते. घास हातात धरून हसायला लागले ते ठसका लागेपर्यंत. माझ्या बायकोने पाणी आणून दिलं.

"म्हंजे आता तू तिथं बूट घालून जाणार?"

"जाणार."

"मग एक काम कर लेका. मला एकदा सात नंबरच्या ग्रीनवरनं चालत ने."

ग्रीन म्हणजे ज्या भोकात चेंडू घालायचा त्याच्या भोवतीची बारीक कापलेली हिरवळ. सात नंबरची हिरवळ आबांनीच लावलेली. तेहतीस वर्षं तिच्यातलं तण काढलं ते त्यांनीच. पण उकिडवं बसून, हातात खुरपं घेऊन, इंच इंच सरकत. माळ्याने ग्रीनवर उभं राहायचं नाही, साहेबलोकांच्या नजरेत येतं, असा तिथला दंडक. चेंडू मारायला कुणी आलं की कडेला सरकायचं आणि मान खाली घालून बसायचं. "बसून सगळी फिरलोय," आबा म्हणाले, "उभ्यानं कधी गेलो न्हाई."

मला वाटलं, त्यात काय मोठंसं, पुढच्या रविवारी घेऊन जाऊ. क्लबात चौकशी केली तर कळलं, पाहुण्याला फक्त व्हरांड्यापर्यंत मुभा. वर्षातून एकदा, होळीच्या आधीच्या रविवारी, पाहुण्यांना मैदानात नेता येतं. पण तेही ज्याचा हँडिकॅप अठरा किंवा त्याखाली असेल त्यालाच. कच्चे खेळाडू आधीच वेळ खातात, त्यांच्यामागे पाहुण्यांची वरात कशाला, असं सेक्रेटरीचं म्हणणं. माझा हँडिकॅप चोवीस होता. त्याच्यावर आकडाच नव्हता, नाहीतर तोही दिला असता.

घरी येऊन आबांना हँडिकॅप समजावून सांगितला. खेळाडू जितका कच्चा तितके जास्त फटके त्याला माफ. मला चोवीस माफ आहेत, ते अठरावर आणायचे.

"म्हंजे ग्रेस मार्क," आबा म्हणाले. "चोवीस ग्रेस मार्क घेऊन पास होतोस? त्यापरीस नापास झाला असतास तर अब्रू तरी राहिली असती."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच आठवड्यात आबांना वाशीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे झिजलेत, आयुष्यभर उकिडवं बसण्याचं काम केलेलं दिसतंय. वर्षभरात हातात काठी येईल, लांबचं चालणं त्यानंतर विसरा. बसस्टॉपवर उभ्या उभ्या मी मनात हिशेब केला, होळीला पाच महिने आहेत आणि ही होळी हुकली तर पुढची नाही.

होळीच्या आधी मला तीन चांगली कार्डं द्यायची होती. कार्ड म्हणजे पूर्ण खेळाचे फटके लिहून, बरोबरच्या खेळाडूची सही घेतलेला कागद. माझा दोष एकच, पण पक्का: चेंडू सरळ निघायचा आणि मध्येच कुणी हाक मारल्यासारखा उजवीकडे वळायचा. तो वळायचा थांबला की सहा फटके आरामात वाचले असते. पण रोज पूल ओलांडून क्लबात जायला मी काय रिकामटेकडा होतो? पहिली पाळी साडेतीनला सुटायची. मग मी घराजवळच सोय केली. दिवाळे गावाच्या कडेला, खाडीलगत, भराव टाकलेली मोकळी जमीन होती. उजव्या हाताला खाडी, समोर सपाट मैदान, आणि मैदानाच्या टोकाला कोळणींची सुकी मासळी. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील लटकवलेले, खाली जमिनीवर सुकटीसाठी जवळा पसरलेला.

रोज चारला आम्ही बापलेक निघायचो. माझ्या खांद्यावर काठ्या, आबांच्या हातात घडीची खुर्ची. ते खुर्चीत पायावर पाय टाकून बसायचे, चहाचा थर्मास शेजारी. "आज मी साहेब," म्हणायचे, "तू कर काम."

पहिले पंधरा दिवस चेंडू एकतर खाडीत नाहीतर जवळ्यात. जवळ्यात पडला की तिथली मावशी तो उचलून टोपलीत टाकायची आणि ढिम्म बसून राहायची. साठीची असेल, कासोटा घट्ट, आवाज गावाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. तिचा कायदा सोपा होता: चेंडू पाहिजे तर एक वाटा सुकट घेऊन जा. एका संध्याकाळी मी सात वाटे घेऊन घरी आलो. आम्ही घाटावरची माणसं, सुकटीचं करायचं काय हे बायकोला ठाऊक नव्हतं. ती वरच्या मजल्यावरच्या कोकणातल्या बाईंकडून शिकली, पण रोज किती खाणार? डबे भरले, मग पिशव्या दाराला लटकल्या. जिन्यात वास सुटला. सोसायटीने फळ्यावर नोटीस लावली, नाव न घालता, पण आमच्या मजल्याचा नंबर घालून. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही गोल्फ खेळता की मासळीचा धंदा करता, एकदा ठरवा, म्हणजे मला लोकांना सांगायला बरं."

पण डिसेंबर लागला आणि चमत्कार झाला. चेंडू सरळ जायला लागला. निघाला की मैदानाच्या मधोमध जाऊन पडणार, उजवीकडे बघायचंही नाव नाही. मी काठी धरायची पकड बदलली होती, त्याचाच हा गुण, अशी माझी खात्री. आबा खुर्चीतून म्हणाले, "जमतंय गड्या." मावशीच्या टोपलीत चेंडू पडेनात, तिचा धंदा बसला. मला तर वाटायला लागलं की अठरा कशाला, बारावरच थांबू.

नाताळच्या सुट्टीत सकाळी साडेसहाला ऐटीत क्लबात गेलो. पहिला फटका मारला. चेंडू सरळ निघाला आणि वळला उजवीकडे, थेट झाडीत. दुसरा तसाच. नवव्या भोकापर्यंत मी त्या झाडीतली सगळी झाडं ओळखायला लागलो होतो. बरोबरच्या गृहस्थांनी कार्डावर सही केली ती माझ्याकडे न बघता. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मी गवताला नावं ठेवली, बुटांना ठेवली, बरोबरचा माणूस खोकला म्हणून त्यालाही ठेवली. सोमवारी संध्याकाळी दिवाळ्याला यावं तर चेंडू पुन्हा रेषेसारखा सरळ. डोकं फिरायची पाळी आली. बायकोवर विनाकारण ओरडलो, कारखान्यात हेल्परवर ओरडलो. आबांवर ओरडता येईना, कारण ते काही बोलतच नव्हते. जानेवारीत ते जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायला लागले होते.

शेवटी तोंड उघडलं ते मावशीने. त्या दिवशी मी काठी जमिनीवर आपटली ती तिने बघितली.

"सकालचा चेंडू वाकडा जातंय नं तुजा?" तिने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाला कशाला पायजे? बोंबील बग कंचे बाजूला झुलतान ते." तिने हात केला. काठ्यांवरचे सगळे बोंबील खाडीकडून आत, डावीकडे तोंड करून हलत होते. "थंडी पडल्यापासून सांचा वारा हाय. चेंडू तू नाय सरल करीत, वारा करतंय. सकालचा ये न् मार, मंग बगू."

आबांनी थर्मासचं झाकण खाली ठेवलं. दीड महिना रोज संध्याकाळी खाडीवरचा वारा माझा चेंडू उजवीकडून ढकलून जागेवर आणत होता, आणि मी पकड बदलल्याची फुशारकी मारत होतो. इंजिनिअर म्हणे. वाऱ्याची दिशा सांगायला बोंबील लागले.

दुसऱ्या दिवशी मी दुसरी पाळी मागून घेतली आणि सकाळी सातला हजर झालो. खाडीवर पानसुद्धा हलत नव्हतं. बोंबील काठ्यांवर गुमान लटकलेले. दहा चेंडू मारले, दहाच्या दहा उजवीकडे खाडीच्या चिखलात. मावशी हसली नाही, ही तिची मेहेरबानी.

आबांनी त्या दिवशी खुर्ची आणलीच नव्हती, सकाळी हात गारठतात म्हणून. थोडा वेळ उभे राहिले, गुडघे बोलायला लागले तसे हळूच माझ्याशेजारी उकिडवे बसले. डॉक्टरांनी नको म्हटलेलं नेमकं तेच. सवयीने हाताने गवत उपटू लागले. मी अकरावा चेंडू मारला.

"थांब," आबा म्हणाले. "परत मार."

मी मारला.

"टाच," ते म्हणाले. "तुझी उजवी टाच आधीच उचलती. चेंडूला काठी लागायच्या आधी."

"तुम्हाला काय माहीत?"

"तेहतीस वर्षं मी साहेबांचे पायच बघितले. मान वर करायची न्हाई म्हटल्यावर दुसरं काय दिसणार? कुणाचा चेंडू कुठं जाणार, ते मला पायावरनं कळायचं. चांगल्या साहेबाची टाच चेंडू गेल्यावर उठती. तीन महिने खुर्चीत बसून मीबी येड्यासारखा चेंडू बघत बसलो."

आणि त्यांनी पुढे सरकून माझी टाच हाताने धरली. घट्ट, रोप धरतात तशी. मी म्हटलं, आबा, काठी लागेल, सोडा. ते म्हणाले, मार. माझ्या पायाशी बाप बसलाय, त्याचा हात माझ्या बुटावर, आणि मी काठी उगारलेली, असं ते दृश्य. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. होड्यांकडे निघालेले चार कोळी थांबून बघत होते. पण मारला. चेंडू सरळ गेला, वारा नसताना, आणि जवळ्याच्या ऐन मध्यावर पडला. त्या दिवशी मी सुकट आनंदाने घेतली.

पुढचा दीड महिना तेच. पाळ्या बदलून सकाळी जायचो. आबा टाच धरायचे, मग नुसतं बोट ठेवायचे, मग नुसतं बघायचे. बायकोने त्यांच्या बुडाखाली ठेवायला एक पाट दिला. फेब्रुवारीत तीन रविवारी मी तीन कार्डं दिली. तिसऱ्या कार्डावर सही करताना बरोबरच्या गृहस्थांनी विचारलं, कोच कोण? मी म्हटलं, इथलेच आहेत. क्लबाच्या फळ्यावर माझ्या नावापुढे अठरा आकडा चढला तेव्हा मी तो दोनदा बोट लावून बघितला.

होळीच्या आधीच्या रविवारी आबांनी नवी शिवलेली पँट घातली. क्लबातल्या खाकी हाफ पँटीनंतरची त्यांची ही पहिलीच. पांढरे कॅनव्हासचे बूट घातले आणि वाशीच्या पुलावर बसमध्ये दहा वेळा खाली वाकून बघितले. क्लबाच्या गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनने त्यांना ओळखलं, सलाम करावा की मिठी मारावी हे त्याला कळेना, आणि त्याने दोन्ही केलं.

गुडघे पहिल्या भोकाला दुखायला लागले. मी म्हटलं, आबा, बसा थोडं. म्हणाले, सात नंबरला बघू. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या भोकाला मी मुद्दाम हळू चालत होतो. मागचे लोक वैतागले. वैतागू देत. सातव्याला आलो तेव्हा माझा चेंडू ग्रीनवर होता, आणि ग्रीनच्या कडेला एक माळी मान खाली घालून उकिडवा बसला होता, खेळणारे आले की माळ्याने बसायचं असतं तसा.

आबा या कडेला थांबले. बूट काढावेत का, असं त्यांनी मला डोळ्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग ते निघाले. सरळ, ताठ, हात मागे बांधून, भोकाच्या बाजूने पलीकडच्या कडेपर्यंत गेले. मी नकळत पावलं मोजली. बावीस भरली. तिथे त्या माळ्याजवळ थांबून ते वळले आणि आलेल्या वाटेकडे बघत राहिले. चेहऱ्यावर आनंद असेल असं मला वाटलं होतं. तिथे नुसतं नवल होतं.

"एवढीशीच हाय होय रे ही?" ते म्हणाले. "माझा तर दिवस जायचा."

माळ्याने मान वर केली. मला चेंडू नीट दिसत नव्हता. तिथून भोकात घालायला मी तीन फटके घेतले, आणि तेवढा वेळ आबा माझ्या पायांकडे बघत उभे होते.