सासूबाई आपल्या आपण उठल्या

वायरकाकांना कुणी खऱ्या नावानं हाक मारली तर ते वळूनसुद्धा बघणार नाहीत. ग्रंथालयातली एकूण एक वायर त्यांनी ओढलेली, म्हणून ते वायरकाका. आणि तळघरात, जिन्याखाली, पंख्यांची घरघर करत बसलेलं जे जुनं संगणकाचं यंत्र, त्या सासूबाई. पुस्तक द्यायचं असो, घ्यायचं असो, नुसतं शोधायचं असो, त्यांना विचारल्याशिवाय वरच्या मजल्यावर काही म्हणजे काही होत नसे.

या सासूबाईंच्या पोटात दोन नेटवर्क कार्डं. एकातून बाहेरच्या जगाशी बोलायचं, दुसऱ्यातून इमारतीतल्या काउंटरांशी. यंत्र सुरू होताना दोघांना आपापला पत्ता मिळावा लागतो. नाही मिळाला तर पंखे फिरतात, दिवे लुकलुकतात, पण तोंडातून अवाक्षर नाही. आता हे पत्ते एका फाइलमध्ये लिहून ठेवता येतात, यंत्र उठताना ती वाचतं आणि आपलं आपण तयार होतं. शहाणी माणसं तसंच करतात. काकांनी मात्र पहिल्या दिवशी घाईघाईत हातानं पत्ते टाइप केले, सगळं सुरू झालं, ‘फाइलचं उद्या बघू’ म्हणाले, आणि तो उद्या काही उजाडलाच नाही.

वीज गेली की सासूबाई सगळं विसरायच्या. मग काकांना फोन, “या बाबा, उठवा त्यांना.” काका सायकल हाणत यायचे, ताटकळलेले वाचक भराभर वाट द्यायचे, काका दोन ओळी टाइप करायचे आणि वरून आनंदाचा गलका ऐकू यायचा. गडी असा काही फुलायचा की विचारू नका. खरं सांगू? फाइल राहून गेली ती आळसानं नव्हे. त्यांना ते बोलावणं आवडायचं.

पण लेकीच्या लग्नातही तो फोन आला आणि काका हातातला घास टाकून पळाले. परत आले तेव्हा मांडवाचे खांब निघत होते. घरच्यांच्या फोटोत काका नाहीत. आता लेक दुसऱ्या गावी, दिवस भरलेले, आणि परवा फोनवर शांतपणे म्हणाली, “बाबा, या वेळीही अर्ध्यातून उठून जाणार असाल तर येऊच नका.”

म्हणून दुपारच्या बसची तिकिटं खिशात ठेवून काका सकाळीच तळघरात उतरले. मागोमाग काकू, दोन्ही हातांत पिशव्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि ठाण मांडलं.

“मी शेजारणीला झाडांचं सगळं लिहून देऊन आले,” काकू म्हणाल्या. “तुम्ही या बाईंना लिहून द्या. मग निघू.”

काकांनी फाइल लिहिली. पहिल्या कार्डाला बाहेरचा पत्ता, दुसऱ्याला घरातला. यंत्र बंद केलं, चालू केलं, आणि श्वास रोखून बसले. थोड्या वेळानं ग्रंथपालबाई जिन्यावरून वाकून म्हणाल्या, “चाललंय हो, काका.”

काकांनी टेबलाभोवती चक्क एक गिरकी घेतली.

“परत,” काकू म्हणाल्या.

“अगं, उठल्या की.”

“आपली लेकही शाळेच्या पहिल्या दिवशी हाक न मारता उठली होती. पुढचं आठवतंय ना? परत.”

काकांनी परत यंत्र बंद-चालू केलं. या वेळी सासूबाई मुक्या. वरून आवाज आला, “काका, गेलं हो सगळं.” काकांचा चेहरा पार उतरला. पत्ते हातानं द्यावेत म्हणून ते सवयीनं यंत्रामागे वाकले, कुठल्या कार्डाचा दिवा कसा लुकलुकतोय ते बघायला. आणि तिथेच, वाकलेल्या अवस्थेत, खो खो हसायला लागले.

“काय झालं?” काकू घाबरल्या.

“अगं, ही बाई उठताना जे कार्ड आधी सापडेल त्याला पहिलं म्हणते. कधी हे, कधी ते. मी आपला दर वेळी मागे डोकावून कोण कोणतं ते बघायचो आणि मगच टाइप करायचो. डोकावतो हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. फाइल बिचारी कुठून डोकावणार?”

“मग जुळ्या पोरांना ओळखतात तसं करा. जन्मखूण बघा.”

खूण होतीच. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच एक नंबर मिळालेला असतो, तो काही बदलत नाही. काकांनी पहिलं-दुसरं खोडून त्या नंबरांच्या नावे पत्ते लिहिले. सासूबाई उठल्या. काकू म्हणाल्या, परत. पुन्हा उठल्या. परत. पुन्हा उठल्या. दोघांना असा काही चेव चढला की शेवटी ग्रंथपालबाईंनीच हात जोडले, “अहो, आता आम्हाला पुस्तकं देऊ द्या.” मग बस गाठायला दोघं असे धावले की पिशवीतली चप्पल रस्त्यात पडली ती उचलायलाही कुणी थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नर्सनं दुपट्यात गुंडाळलेली नात काकांच्या हातात दिली, आणि नेमका तेव्हाच त्यांच्या खिशातला फोन वाजला. खाटेवर लेकीनं डोळे मिटून घेतले. काकूंनी फोन काढून काकांच्या कानाला लावला.

“काका,” ग्रंथपालबाई सांगत होत्या, “वीज गेली होती, आली. सासूबाई आपल्या आपण उठल्या. एवढंच सांगायचं होतं.”

काकांना हुंदका आला की हसू, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. माझ्यावाचून अडत नाही तर, एवढं मनात येऊन गेलं खरं, आणि जरासं टोचलंही. तेवढ्यात नातीनं टाहो फोडला.

“हे कोण रडतंय?” पलीकडून प्रश्न आला.

“आमची नात. आत्ताच सुरू झालीय,” काका म्हणाले, आणि काकूंना मानेनं खूण केली, “बंद कर तो फोन.”

काकूंनी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. लेकीनं डोळे उघडले, पिशवीकडे पाहिलं, मग बापाकडे.

“बाबा,” ती म्हणाली, “इकडे बसा. फोटो काढायचाय.”