खेकडा छापाचा व्हॉल्व्ह

शिक्षण किती, असं कुणी विचारलं की खुर्शीदभाई म्हणत, "इंजिनरूम पास." उरणच्या बाजूला, खाडीकाठी त्यांचं गाव. मिसरूड फुटायच्या वयात जहाजावर गेले, केस पिकायला लागले तेव्हा परत आले आणि महाप्याला एक गाळा घेऊन त्यात लेथ मशीन बसवलं. ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. तेव्हा ठाणे-बेलापूर रस्त्याला मोठ्या कारखान्यांच्या लांबच लांब भिंती होत्या आणि त्या भिंतींच्या मागे आमच्यासारख्यांचे पत्र्याचे गाळे. आमच्यासारख्यांचे म्हणते, कारण खुर्शीदभाईंच्या शेजारचा गाळा माझ्या नवऱ्याचा, नंदकिशोरचा. वाशीहून मी दुपारचा डबा घेऊन जायची, स्टोव्हवर सगळ्यांचा चहा करायची. त्या चहावरच मी खुर्शीदभाईंची इटली ऐकली.

"वहिनी, आमचं जहाज तिथं दुरुस्तीला लागलं होतं. एक व्हॉल्व्ह गेलेला. चीफ इंजिनेरनं मला ट्रकात घातलं न् आत डोंगराकडच्या एका गावात धाडलं. मला वाटलं मोठा कारखाना असंल. जाऊन बघतो तर गल्ली! एका घरात ओततायत, समोरच्या घरात कातरतायत, कोपऱ्यावर एक म्हातारी पॉलिश मारत बसलेली. सकाळी एकमेकांचा माल हातात घेऊन शिव्या घालत होते. दुपारी त्यातलाच एक दुसऱ्याला आपलं मशीन वापरायला देतोय."

"शिव्या कळल्या तुम्हाला?" मी विचारलं.

"भाषा नाय कळली. शिवी कुठल्याही भाषेत कळते. मी मनात म्हटलं, अरे, ही तर आमच्या बांधावरची माणसं!"

बांध म्हणजे खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून गावाने घातलेला मातीचा लांब बांध. प्रत्येक घराकडे त्याचा एकेक तुकडा राखायला असे. उधाणाच्या भरतीला तो फुटला की घरटी एक माणूस फावडं घेऊन धावायचा, मग तो मोहल्ल्यातला असो की आगऱ्यांच्या आळीतला. आणि एक नियम होता. पाणी अडेपर्यंत कुणाच्या वाट्याचा तुकडा फुटला, ते नाव काढायचं नाही. नाव काढलं की तो माणूस शरमेनं घरी जातो. एक माणूस कमी झाला की पाणी जिंकतं. बांध बहुतेक वेळा खेकडाच फोडायचा, आत बीळ करून. पुढे ती शेतं नव्या शहरात गेली. बांध गेला, नियम खुर्शीदभाईंच्या अंगात राहिला.

त्याच नियमावर त्यांनी चार गाळे एकत्र बांधले. पंढरी ओतकाम करायचा. तो कोल्हापूरकडचा, घाबरट आणि कष्टाळू. खुर्शीदभाई ते ओतीव लोखंड लेथवर कातरायचे. नंदकिशोर भोकं पाडून आटे काढायचा. सुमित्राबाई रबराचे वायसर बनवून व्हॉल्व्ह जोडायच्या. नवरा गेल्यावर गाळा विका म्हणणाऱ्या दिरांना ज्यांनी त्याच गाळ्याच्या दारातून परत पाठवलं होतं, त्या सुमित्राबाई. एकट्यादुकट्याला मोठा कारखाना फक्त सुट्या भागांचं काम द्यायचा, अख्ख्या व्हॉल्व्हचं कधीच नाही. खुर्शीदभाईंनी खेटे घालून चौघांच्या नावावर पहिली ऑर्डर आणली.

माल गेला आणि टेम्पो तसाच भरलेला परत आला. पाण्याचा दाब दिला की व्हॉल्व्हच्या अंगातून पाझर फुटत होता.

मागोमाग गाडीतून टिपणीस साहेब उतरले. कारखान्याचं खरेदी खातं त्यांच्याकडे. आम्ही सगळे बाहेर चहाला जमलेलो. पंढरी भिंतीला टेकून उभा, चेहरा राखेसारखा.

"खुर्शीद, बॉडीत छिद्रं आहेत. म्हणजे ओतकामाचा दोष," साहेब म्हणाले. "एवढंच लिहून द्या, की चूक पंढरीची. त्याला बाजूला करा. ओतीव माल मी सांगतो त्याच्याकडून घ्या. तुम्हा तिघांचं काम चालू."

"आन् नाय दिलं तर?"

"तर चौघांनाही गेट बंद."

पंढरी पुढे आला. "द्या लिहून, भाई. माझ्यापायी समद्यांचं कशाला..."

"तू गप." खुर्शीदभाई साहेबांकडे वळले. "चूक आमची हाय."

"आमची म्हणजे कुणाची?"

"व्हॉल्व्ह ज्यांचा, त्यांची."

साहेब हसले. "ती तुमची गल्लीची गोष्ट मी ऐकलीय. हे महापे आहे, इटली नाही."

"म्हणून तर बोलतो. त्यांना खाडी अडवायची नव्हती. आमाला सवय हाय."

सुमित्राबाईंना राहवलं नाही. "साहेब, स्वयंपाक बिघडला तर मीठ कुणी टाकलं ते आम्ही घरात बघतो. पाहुण्याला लिहून देत नाही."

साहेबांनी मग नंदकिशोरकडे पाहिलं. "तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही तरी विचार करा."

माझा नवरा विचार करत होता, हे मला दिसत होतं. आमची चूल त्या गाळ्यावर होती. पंढरीचीही होती. एका कागदावर माझी चूल पेटती राहणार होती आणि त्याची विझणार होती. नंदकिशोरने माझ्याकडे पाहिलं. मी किटली उचलली, चौघांचे कप भरले आणि किटली खाली ठेवली. दारी आलेल्या माणसाला चहा न विचारण्याची ती माझी पहिलीच वेळ. नंदकिशोरने आपला कप घेतला आणि पंढरीशेजारी जाऊन उभा राहिला.

गाडी धूळ उडवत गेली. गेट बंद झालं.

"चला, पाणी अडलं," खुर्शीदभाई म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "आता बोल पंढरी. बीळ कुठं होतं?"

"वाळू, भाई. साच्याची वाळू ओली राहिली. घाई केली मी."

"बरोबर. घाई तू केलीस. आता माझं ऐक. कातरताना मला बारीक छिद्रं दिसली होती. मी बोललो नाय. म्हटलं, पंढरीला वाईट वाटंल."

नंदकिशोर घसा खाकरत म्हणाला, "मलाही दिसली होती."

"अरे देवा!" सुमित्राबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "आणि मी त्यावर वायसर बसवत होते! मला वाटलं, तुम्हा पुरुषांनी बघितलं असेल."

म्हणजे चूक खरोखरच चौघांची निघाली. शेजाऱ्याचं काम तपासणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं, या भिडेने बांध फुटला होता. इटलीतल्या त्या गल्लीतली माणसं एकमेकांना शिव्या का घालत होती, ते मला त्या दिवशी समजलं.

सगळा माल पंढरीच्या भट्टीत परत गेला. गाळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत खुर्शीदभाईंनी पाण्याचा एक पिंप, हातपंप आणि दाब दाखवणारा काटा बसवला. ठरलं असं, की प्रत्येक नग सगळ्यांसमोर तपासायचा आणि खराब निघालं तर कुणीही कुणाचंही काम फेकून द्यायचं. मग रोज भांडणं! "तुझे आटे बघ आधी!" "तू तुझी वाळू बघ!" माझ्या चहाला त्याशिवाय चव येईना.

नव्या साच्याचा लाकडी नमुना करताना खुर्शीदभाईंनी त्यावर एक खेकडा कोरून घेतला.

"खेकडा कशाला, भाई?" पंढरी कळवळला. "उगा आठवण!"

"आठवणीसाठीच. त्या साहेबाला नाव पायजे होतं ना? हे घे नाव."

पिशवीत हे लोखंडी खेकडे भरून खुर्शीदभाई पार रसायनीच्या कारखान्यांपर्यंत फिरले. कुठे कुणी हसलं, कुठे वॉचमननेच परतवलं. एकाच्या गाळ्यात काम नसलं की तो दुसऱ्याच्या मशीनवर बाहेरचं बारीकसारीक काम करायचा, असे आम्ही दिवस काढले. नंदकिशोरने नोकरी बघावी असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "बघू. आधी पंढरीची भट्टी बघू." शेवटी माझगावकडे जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपने थोडे व्हॉल्व्ह घेतले. मग आणखी मागितले. भट्टी विझली नाही.

काही वर्षांनी त्याच बंद गेटातून एक नवा, तरुण अधिकारी आला. हातात आमचाच एक व्हॉल्व्ह.

"हा तुमचा ना? तुमच्यात मुख्य कोण?"

सुमित्राबाईंनी खेकड्यावर बोट ठेवलं. "हा."

"मस्करी नको, बाई. उद्या माल बिघडला तर मी कुणाला धरू?"

"चौघांना धरा," खुर्शीदभाई म्हणाले. "एकट्याचं नाव इथं मिळत नाय. तुमच्या आधीच्या साहेबांना विचारा."

तो गोंधळून उभा राहिला. खुर्शीदभाईंनी त्याच्या हातातून व्हॉल्व्ह घेतला, पिंपाशेजारी बसवला आणि पंपाचा दांडा त्याच्याकडे केला.

"आमच्यावर विश्वास नको ठेवू, बाबा. मार पंप."

त्याने बाह्या सरसावल्या. काटा चढू लागला. एरवी बाहेरचं कुणी माल तपासायला आलं की भट्टीमागे तोंड लपवणारा पंढरी आज हाताची घडी घालून समोर उभा होता. "आनखी मारा, साहेब," तो म्हणाला. "लाजू नका."

मी किटली उचलली, आधी चौघांचे कप भरले आणि मग पाचवा.