मागच्या दारानं पाहिलेलं घर

माझी चुलती कोंडाबाई शेषेरावांच्या घरी तीस वर्षं गोठा झाडायला गेली. जायची ओढ्याच्या वाटेनं, मागच्या दारानं. दर्शनी गल्लीत मारुतीचं देऊळ. तिकडून आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायका जात नसत. त्यामुळं ते घर तिला पाठीमागूनच ठाऊक: पोपडे निघालेली भिंत, उकिरडा आणि हौद.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात पाण्याचा ठणठणाट झाला. वस्तीचा टँकर शेषेरावांच्या हौदात रिकामा होताना तिनं पाहिला आणि कुणाला न भिता तक्रारीवर अंगठा दिला. चौकशी नेमकी आमच्या हापिसात आली. मी तिथं नवा कारकून. इस्त्रीची पँट, दुपारी चौघांच्या डब्यात हात. ती माझी चुलती, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनंही ओळख दाखवली नाही. माझ्या नोकरीला नख लागू नये म्हणून.

साहेबांना पुरावा हवा होता आणि साहेबांचा पुरावा म्हणजे फोटो. त्यात घराचं तोंड होतं, दगडी चौकट, वर सज्जा. "टँकर रिकामा झाला ते हेच घर?"

तिनं बराच वेळ निरखलं. "न्हाई साहेब. हे घर म्या बघितलंच न्हाई."

ती खरंच बोलत होती. मला एवढंच म्हणायचं होतं की साहेब, आमच्या बायका त्या घराच्या पुढच्या अंगाला कधी गेल्याच नाहीत. पण डब्याच्या सोबत्यांसमोर ते बोलायची मला लाज वाटली. मी मान खाली घालून लिहिलं, 'घर ओळखता आले नाही.' तक्रार खोटी ठरली. पावसाळ्यापर्यंत वस्तीतल्या बायका दोन कोसांवरून पाणी आणत राहिल्या आणि येता-जाता कोंडाबाईला बोल लावत राहिल्या.

दिवाळीत ती म्हणाली, "बाबा, फोटू त्याच घराचा व्हता म्हणं. माझे डोळे गेले जनू. दाखव की डाक्टरला."

औशाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, नजर लख्ख आहे. तेव्हा तरी तिला खरं सांगायला काय झालं होतं? जळो माझी जीभ. मी म्हणालो, "नंबर आलाय, काकू," आणि साध्या काचेचा चष्मा घेऊन दिला.

तिनं तो घालून वस्तीत दारोदार दाखवला. "डोळेच अधू व्हते गं. पुतण्या हाय म्हणून कळलं."