पंखा फिरतोय, माग बंद

निजामपुऱ्यात आमच्या भिंतीपलीकडे शेजारच्या चाचांचा लूमचा कारखाना होता. मागांच्या धडधडीने तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं. जन्मापासूनची सवय, पण आई हृदयविकाराने अंथरुणाला खिळली आणि माझं डोकंच फिरलं. डॉक्टर म्हणाले, दुपारी शांत झोप हवी. मी नगरपालिकेत कारकून, लोकांना आवाजाच्या तक्रारींचे अर्ज लिहून देणारी. एक कडक अर्ज खरडला आणि तरातरा चाचांकडे गेले.

त्यांनी तो उघडलाही नाही. "अगं, कागद कशाला? तुझी आई माझी भाभी न्हाय का? उद्यापासून दुपारी दोन ते चार सगळे लूम बंद!"

दुसऱ्या दिवशी दोनला माग थांबले. काय आनंद झाला मला! घड्याळाची टिकटिक पहिल्यांदाच ऐकू आली. आई मात्र दचकून उठून बसली. वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलं गं?"

आमच्या गल्लीची रीतच होती ती. वीज गेली की माग थांबायचे, शुक्रवारी सुट्टीला थांबायचे. पण एरवी भरदिवसा, पंखा फिरत असताना थांबले, तर गल्लीत मयत असायची. तिरडी असो की जनाजा, उठेपर्यंत एक माग हलायचा नाही. अर्ज लिहिताना हे माझ्या टाळक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

"कुणी नाही गेलं," मी घाईघाईने म्हटलं. "तुझ्यासाठी बंद ठेवलेत."

ती बघतच राहिली. "माझ्यासाठी? इतक्यात?"

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. आठवडाभर दोन वाजले की ती डोळे टक्क उघडे ठेवून पडायची. शेवटी म्हणाली, "त्यांना सांग, चालू करा. मला झोपू दे." मी खालमानेने चाचांकडे गेले. माग धडधडायला लागले आणि आई चक्क घोरायला लागली.

महिन्याभराने दुपारीच ऑफिसातून परतत होते. गल्लीच्या तोंडाशी पाय थबकले. पानवाल्याच्या टपरीत पंखा फिरत होता. वार बुधवार. माग बंद. मला कळलं होतं, तरी मेलं तोंडातून निघालंच, "कोण गेलं?"

पानवाल्याने मान खाली घातली.

पुढे मी गावाबाहेर, वडप्याच्या बाजूला राहायला गेले. तिथे माग नाहीत, दुपारी चिटपाखरू नसतं. उकाड्याने जीव नकोसा होतो, पण त्या वेळी मी पंखा लावत नाही.