दोन दारांची खोली

रस्मियाने डूख धरला की धरला. बेरूतच्या निर्वासित छावणीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, घरोघरी वायर टाकून वीज विकणाऱ्या मागच्या बोळातल्या नायेफ जनरेटरवाल्याला तर चांगलंच ठाऊक होतं.

तिचा जन्म इथल्याच तंबूतला. बाप सीमेपलीकडच्या तर्शिहा गावाहून आठवडाभरासाठी म्हणून आला आणि इथेच मेला. पक्कं छप्पर घालायला तेव्हा बंदी होती. बंदी सुटली तेव्हा दहा वर्षांच्या रस्मियाने सिमेंटची डबडी डोक्यावरून वाहिली. बापाने खोलीला समोरासमोर दोन दारं ठेवली, एक मागच्या बोळात, एक पुढच्या रस्त्यावर. छावणीला इंचभर जमीन वाढवून मिळेना, म्हणून घरं मजल्यावर मजले चढत गेली, बोळ आक्रसले. मागच्या बोळाच्या वळणावर जनाजा अडकायला लागला. तेव्हापासून मागच्या घरांतली प्रत्येक मयत रस्मियाच्या खोलीतूनच बाहेर पडायची. कोणी विचारतही नसे.

चार वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुईन गेला, चोवीस वर्षांचा. नायेफची उघडी वायर पाण्याच्या पाइपावर लोंबत होती. पावसात मुईनचा हात लागला आणि सगळं जागच्या जागी आटोपलं. नायेफ भेटायला आला, मर्तिकाची कडू कॉफी प्याला आणि म्हणाला, "ओल्या हाताने धरली त्याने. नशीब त्याचं!"

रस्मियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती तिथेच राहिली. वायर आपली होती, एवढं त्याने चारचौघांत कबूल करावं, इतकंच तिचं मागणं होतं. मध्यस्थ थकले. नायेफ बधला नाही.

मग नायेफची आई, हज्जा लबीबा, वारली. सकाळी जनाजा रस्मियाच्या दाराशी आला, तर दाराला आतून कडी.

दीर अबू सालेहने दार ठोठावलं. "वहिनी, अहो मेलेल्या बाईशी कसलं वैर?"

"तिच्याशी कुठे भावजी? भाकरी थापायला तिनेच शिकवलं मला. तिच्या लेकाला बोलू द्या."

"उम्म मुईन, आजचा दिवस तरी…" मुईनची आई म्हणून तिला हाक मारत नायेफ पुढे झाला.

"माझा मुईन कशाने मेला?"



"माझ्या वायरने," नायेफ पुटपुटला.

"मोठ्याने बोल. चार वर्षांत कान गेलेत माझे."

"माझ्या वायरने मेला! झालं समाधान?"

कडी निघाली. तिने खोली रिकामी करून फरशी धुऊन ठेवली होती. पुढच्या दांड्याला नायेफचा खांदा होता. रस्मियाने त्याच्या छातीवर हात टेकला.

"हज्जाला वाट आहे. तुला नाही."

"डोकं फिरलंय तुझं? आई आहे माझी!"

"भावजी, दांडा धरा."

अबू सालेहने नायेफकडे पाहिलंही नाही. दांडा घेतला. जनाजा आत गेला आणि नायेफच्या तोंडावर दार बंद झालं.

बोळाबोळांतून लांबचा वळसा घालून, धापा टाकत त्याने मशिदीच्या पायरीवर जनाजा गाठला. तोवर दांडे मुईनच्या दोस्तांकडे गेले होते. एरवी मेलेल्याच्या मुलाला सगळे जागा करून देतात. एकानेही खांदा सोडला नाही.

ही बातमी आली तेव्हा रस्मिया जेवत होती. तिने आणखी एक भाकरी वाढून घेतली.